बर्फात एबीएसचा फ्यूज काढायचा का? (ठाणे ते सिस्सू, स्वतःच्या गाडीने)

मानपाडावासी | २ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि सासरे) गाडीने मनालीला निघतोय. जमलं तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत. गाडी साधी आहे, २०२१ची पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअर, आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम, म्हणजे लॉक, होऊ न देणारी यंत्रणा) असलेली.

निघण्याआधी सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा गॅरेजमधले मेस्त्री म्हणाले, "साहेब, बर्फात एबीएस गाडीला थांबूच देत नाही. ब्रेक मारला की नुसतं कटकट करतं आणि गाडी जाते पुढे. वर पोचलात की फ्यूज काढून खिशात ठेवा, खाली आलात की परत लावा." उगाच बोलणारा माणूस नाही. त्यांनी काही वर्षं हिमाचलात ट्रक चालवलाय.

मेव्हणा म्हणतो हा शुद्ध मूर्खपणा. सासऱ्यांचं तिसरंच. ते म्हणतात, "आम्ही पद्मिनी चालवायचो तेव्हा कुठे होतं एबीएस? ब्रेक पंप करत आणायचा, झालं."

घरात तीन माणसं, तीन मतं, आणि गाडी चालवणारा मी. बर्फ मी आजवर फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

---

कोपरीपूल | २ डिसेंबर, रात्री ११:०२

जानेवारीत सासऱ्यांना घेऊन सिस्सू? फ्यूजचं नंतर बघू, आधी तुमच्या धाडसाला सलाम.

---

जुनागिअर | २ डिसेंबर, रात्री ११:५५

मेस्त्री अर्धे बरोबर आहेत, आणि घोळ होतो तो त्या अर्ध्यामुळेच.

चाक लॉक होऊन भुसभुशीत बर्फात फरफटत गेलं की टायरच्या पुढे बर्फाचा ढीग साचतो, पाचरीसारखा. तो ढीगच गाडीला अडवतो. खडीत, वाळूत हेच होतं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, दर वेळी सोडून परत पकडतं, त्यामुळे तो ढीग तयारच होत नाही आणि गाडी जास्त अंतर घेते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने १९९९ साली चाचण्या घेतल्या होत्या. त्यात सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबण्याचं अंतर सरासरी २७ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे मेस्त्रींनी ट्रकच्या सीटवरून पाहिलं ते खरंच आहे.

पण तुम्ही ज्या रस्त्याने जाणार तिथे ताजा, फूटभर भुसभुशीत बर्फ किती असेल? त्यावरून शेकडो गाड्या गेलेल्या असतात. दाबून दाबून फरशी झालेली असते, वर रात्री पाणी गोठतं. त्या फरशीवर पाचर साचत नाही. तिथे लॉक झालेलं चाक ढीग गोळा करत नाही, ते स्केटिंग करतं. वर स्टिअरिंगही जातं, कारण न फिरणारं चाक गाडीला वळवू शकत नाही. कॅरमची सोंगटी ज्या दिशेला टोलवली त्याच दिशेला जाते, तसं.

आता सासऱ्यांचं. पंप करत ब्रेक मारणं हे माणसाने पायाने केलेलं एबीएसच. पद्मिनीत बरोबर होतं. एबीएस असलेल्या गाडीत पंप केलात तर मात्र यंत्राला काम करू देत नाही आणि प्रत्येक वेळी दाब शून्यावर आणता. तुमचा पाय सेकंदाला फार तर दोन-तीनदा हलेल, आणि चारही चाकांना एकच हुकूम. एबीएसचे व्हॉल्व्ह सेकंदात दहा-पंधरा वेळा उघडझाप करतात, तेही प्रत्येक चाकासाठी वेगळे.

उशीर झाला. फ्यूज काढल्यावर आणखी काय काय जातं ते उद्या लिहितो, तो मुद्दा मोठा आहे.

---

उपवनचा_बगळा | ३ डिसेंबर, सकाळी ७:१८

नेहमीप्रमाणे पुस्तकी प्रतिसाद. जुनागिअर साहेब, ऐंशीच्या दशकात ऑडी क्वाट्रोच्या डॅशबोर्डवर एबीएस बंद करायचं बटण होतं हे तुम्हाला माहीत असेलच. जर्मन लोकांना अक्कल नव्हती काय? बर्फात, खडीत एबीएस त्रास देतं म्हणूनच दिलं होतं ना? मग आपण फ्यूज काढला तर आभाळ कोसळतं का?

मानपाडावासी, काढा बिनधास्त.

---

वाशीकर_मंदा | ३ डिसेंबर, सकाळी ९:४०

मला एक सांगा, इथल्या किती जणांनी आपल्या गाडीचं एबीएस आयुष्यात एकदा तरी चालू झालेलं अनुभवलंय? मी चौदा वर्षं पाम बीच रोडवरून रोज गाडी चालवते. माझं पहिल्यांदा चालू झालं ते जूनच्या पहिल्या पावसात, सिग्नलला, समोर रिक्षा. रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि त्यावर नुकतं पडलेलं पाणी. पायाखाली पेडल असं थरथरलं की मला वाटलं गाडीचं काहीतरी तुटलं, आणि मी पाय उचलला! नशीब रिक्षावाला पुढे सरकला.

नव्वद टक्के लोक तेच करतात असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. (तो स्वतः त्यात धरून.)

तुम्ही निघण्याआधी एखाद्या रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, तीस-पस्तीसच्या वेगात जोरात ब्रेक मारून बघा. ओल्या मातीत तर लगेच कळेल. ती थरथर, तो घरघराट ओळखीचा होऊ दे. पाय दाबूनच ठेवायचा. आणि ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग फिरवून बघा, वळते गाडी.

---

मानपाडावासी | ३ डिसेंबर, सकाळी १०:०५

मंदाताई, खरं सांगतो, मीही कधी अनुभवलेलं नाही. रविवारी करून बघतो.

---

जुनागिअर | ३ डिसेंबर, दुपारी १:३०

बगळे भाऊ, बटण होतं, बरोबर. पण ते बटण इंजिनिअरांनी दिलं होतं. ते दाबल्यावर बाकीचे ब्रेक नीट चालतील अशी ती गाडी बनवलेली होती. फ्यूज काढणं ही वेगळी गोष्ट आहे.

जुन्या गाड्यांत मागच्या चाकांना किती दाब जाईल ते ठरवायला एक यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा. कारण जोरात ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी लॉक होऊ पाहतात. आजच्या बऱ्याच गाड्यांत तो व्हॉल्व्ह काढून टाकलाय. ते काम ईबीडी नावाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते, आणि ईबीडी एबीएसच्याच डब्यात राहतं. फ्यूज काढला की डॅशवर पिवळा एबीएसचा दिवा लागतो तो लागतोच, अनेक गाड्यांत शेजारी ब्रेकचा लाल दिवाही लागतो. लाल दिवा म्हणजे ईबीडीसुद्धा गेलं. गाडीत ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असेल तर तेही त्याच सेन्सरवर जगतं, तेही गेलं.

आता गंमत बघा. याचा सगळ्यात वाईट फटका बर्फावर बसत नाही. बर्फावर ब्रेकच इतका कमी लागतो की वजन फारसं पुढे झुकत नाही, बहुधा पुढचीच चाकं आधी लॉक होतात आणि गाडी सरळ जाते. फटका बसतो तो खाली कोरड्या डांबरावर आल्यावर. साठच्या वेगात कुत्रं आडवं येतं, तुम्ही पूर्ण ताकदीने ब्रेक मारता, मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना हा रस्ता सलग बर्फाचा नसतो हो! दोन किलोमीटर बर्फ, पुढे चार किलोमीटर कोरडं, मध्येच सावलीत पुन्हा बर्फ. दर वळणावर फ्यूज काढत-घालत बसणार का?

आणि डावी चाकं बर्फावर, उजवी डांबरावर असंही होतं. अशा वेळी एबीएसशिवाय ब्रेक मारला की गाडी पकड असलेल्या बाजूला गर्रकन फिरते.

एक लक्षात ठेवा, 'टीसी ऑफ' (टीसी म्हणजे चाक जागच्या जागी गरगरू न देणारी यंत्रणा) किंवा 'ईएसपी ऑफ' असं बटण गाडीत असेल तर त्याने एबीएस बंद होत नाही. बर्फात रुतलात आणि चाक जरा फिरू द्यायचं असेल तेव्हा ते वापरायचं, निघालात की परत चालू.

---

नेरुळनाका | ३ डिसेंबर, रात्री ९:१२

मी बर्फात गेलेलो नाही, पण एबीएसशिवाय तीन आठवडे चालवलीय. मर्जीने नव्हे, उंदराच्या कृपेने.

मागच्या जुलैतली गोष्ट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदराने डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर कुरतडली. पिवळा दिवा लागला. गॅरेजवाला म्हणाला पार्ट यायला वेळ लागेल, ब्रेक चालू आहेत, काळजी नको. मीही म्हटलं, पंचवीस वर्षं स्कूटर चालवलीय, ब्रेक काय असतो ते मला शिकवू नका.

एका रविवारी मीरा रोडला मामांकडे जाऊन घोडबंदरने परत येत होतो. गायमुखच्या घाटात मुसळधार. रस्त्यावर मातीचा राडा. वळण संपतं तिथे टँकर उभा, दिवे बंद. वेग पन्नाससुद्धा नव्हता. ब्रेक मारला, चाकं लॉक झाली. मग जे झालं ते मी अजून झोपेत बघतो. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलेलं, डावीकडे मोकळी जागा दिसतेय, आणि गाडी सरळ टँकरकडे. आवाज नाही, किंचाळणं नाही, ओल्या रस्त्यावर आवाजही होत नाही. बायको शांतपणे "अहो" म्हणाली. एवढंच.

कसा कोण जाणे, ब्रेकवरचा पाय सैल झाला. शहाणपणाने नाही, घाबरून. चाकं फिरायला लागल्याबरोबर गाडीने डावीकडे अशी उडी मारली की आरसा टँकरला घासून गेला. आरशाचे साडेचार हजार गेले, बाकी सगळे जागेवर.

पार्ट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून दुप्पट पैसे देऊन आणला. तेव्हा, मानपाडावासी, मर्जीने फ्यूज काढणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण त्याच्या गाडीत मी बसणार नाही.

---

कोपरीपूल | ३ डिसेंबर, रात्री ९:२०

"बायको शांतपणे अहो म्हणाली." अंगावर काटा आला.

---

घाटउतार | ३ डिसेंबर, रात्री ११:४८

थोडं अवांतर, दुचाकीचं. २०२० पासूनच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनमध्ये मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं बटण आहे. खडीच्या उतारावर आम्ही सगळे बंद करतो. एबीएस चालू ठेवलं तर मागचा ब्रेक दाबून काही उपयोगच होत नाही, गाडी ओढ्यात जाते. पुढचं मात्र चालूच राहतं, ते बंद करता येत नाही आणि करूही नये. पुढचं चाक लॉक झालं की माणूस खाली.

कायद्याने १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं आहे, सगळ्याच मॉडेलना एप्रिल २०१९पासून. तरी मागचं बंद करायची सोय ठेवावी लागली, म्हणजे बगळे भाऊंच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. फक्त ते दुचाकीच्या मागच्या चाकापुरतं.

बर्फावर दुचाकी हा विषय काढूच नका. मी एकदा काढलाय. कॉलरबोन.

---

वसंतविहार_ते_मॉन्ट्रियल | ४ डिसेंबर, सकाळी ६:०५

माहेर ठाणे, गेली अकरा वर्षं क्युबेकमध्ये. इथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. एबीएस बंद करा असं इथे शिकवणाऱ्यांपैकी कोणीही मला सांगितलेलं नाही. टायर बदलले का, हे मात्र शेजारची आजीसुद्धा विचारते.

धाग्यात सगळे ब्रेकवर बोलताहेत, पण गाडी ब्रेकने थांबत नाही, ब्रेकने चाक थांबतं. गाडी थांबते टायरच्या पकडीने. साधा हिशेब मांडते. चाळीसच्या वेगात, चांगल्या कोरड्या डांबरावर नुसतं ब्रेकचं अंतर आठेक मीटर. दाबलेल्या बर्फावर साधारण तीस. गुळगुळीत ओल्या बर्फावर साठच्या वर. एबीएस असो, नसो, पद्मिनी असो. तोच वेग वीसवर आणलात तर त्या साठाचे पंधरा-सोळा होतात, कारण वेग निम्मा झाला की अंतर चौथाई होतं.

ठाण्यातल्या तुमच्या टायरचं रबर आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी बनवलेलं आहे. सात अंशांच्या खाली ते कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीला बारीक चिरा असतात. बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह बघा. एका प्रवासासाठी टायर घेणं परवडणार नाही हे कळतं, म्हणून टायरवर गुंडाळायच्या साखळ्या. तुमच्या गाडीला त्या पुढच्या चाकांना लागतील, कारण ओढणारी चाकं ती. लावायचा सराव घरी करा. ठाण्यात तीस अंशांत चिडचिड होते, तिथे उणे पाचात बोटं चालत नाहीत.

अजून एक. रात्री हॅण्डब्रेक ओढून ठेवू नका, गोठला की सकाळी चाक सुटत नाही. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

---

उपवनचा_बगळा | ४ डिसेंबर, सकाळी ८:३०

म्हणजे भुसभुशीत बर्फात लॉक झालेलं चाक लवकर थांबतं हे सगळ्यांनी मान्य केलं. एवढंच म्हणायचं होतं.

---

जुनागिअर | ४ डिसेंबर, सकाळी ८:५१

मान्य आहे, पहिल्याच प्रतिसादात मान्य होतं. सरळ रस्ता, मोकळं मैदान, भुसभुशीत बर्फ असेल तर लॉक करा आणि थांबा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी असेल तर दोन मीटर आधी थांबण्यापेक्षा गाडी वळलेली मला चालेल.

शिवाय अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरला एबीएसचा फ्यूज तुमच्या खिशात सापडला, तर त्याला काय सांगणार? "मेस्त्री म्हणाले"?

---

मानपाडावासी | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

रविवारचा अहवाल. सकाळी साडेसहाला हिरानंदानीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर, टँकरने पाणी सांडलेल्या पट्ट्यात पस्तीसला ब्रेक मारला. मंदाताई, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच, पहिल्या वेळी पाय आपोआप उचलला गेला. तिसऱ्या वेळी दाबून ठेवता आला. चौथ्या वेळी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी खरंच वळली. लेक मागच्या सीटवर "अजून एकदा" म्हणून ओरडत होती. वॉचमन शिट्ट्या मारत आला तेव्हा आवरतं घेतलं.

सासऱ्यांना पंप करू नका सांगितलं. ते म्हणाले, मी कुठे चालवणार आहे? मुद्दा बरोबर आहे.

फ्यूज जागेवर. साखळ्या विकत घेतल्या.

---

मानपाडावासी | १४ जानेवारी, रात्री ९:३०

परत आलो, सगळे धड. तिळगूळ घ्या.

बर्फ पडला त्या दिवशी नेहरू कुंडाजवळ पोलिसांनी अडवलं. फोर बाय फोर (चारही चाकांनी ओढणारी गाडी) किंवा साखळ्या असतील तरच पुढे. साखळ्या होत्या. रस्त्याकडेला बसून लावायला पन्नास मिनिटं लागली (घरी बारा लागली होती), एक उलटी लागली. तोवर बायकोने एक जिप्सीवाला ठरवून टाकला. सासऱ्यांना थंडी सोसवत नव्हती आणि तिला माझा चेहरा बघवत नव्हता म्हणे. तेव्हा बर्फावर माझी गाडी जेमतेम पाऊण किलोमीटर गेली, उरलेला प्रवास जिप्सीतून.

त्या जिप्सीला एबीएस नव्हतंच! मी शेजारी बसून त्याचे पायच बघत होतो. उतारावर पहिला गिअर, ब्रेकला जवळजवळ हात नाही, म्हणजे पाय नाही. चकाकणाऱ्या चाकोरीतून न जाता एका बाजूची चाकं कडेच्या न दाबलेल्या बर्फात टाकायचा. विचारलं तर म्हणाला, "उधर टायर को काटने को कुछ मिलता है." सिस्सूला थांबताना भुसभुशीत बर्फात त्याने मुद्दाम ब्रेक गच्च दाबला, चाकं लॉक, दोन हातांत गाडी उभी. खाली उतरून बघितलं तर टायरपुढे खरंच बर्फाचा ढीग. मेस्त्रींना फोटो पाठवलाय. बगळे भाऊ, तुम्हालाही पाठवतो.

परतताना बोगद्याच्या अलीकडे, धुंदी नावाच्या ठिकाणच्या उतारावर, काळपट ओला दिसणारा रस्ता. पाणी वाटत होतं, तो काचेसारखा बर्फ होता. आमच्या पुढे एक पर्यटकांची गाडी हळूहळू, अगदी चालत्या माणसाच्या वेगात, तिरकी होत गेली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन टेकली. ब्रेकचे लाल दिवे पूर्ण वेळ लागलेले. तिच्यात एबीएस होतं की नव्हतं, मी विचारायला गेलो नाही. आमच्या जिप्सीवाल्याने तीसेक मीटर आधीच गाडी कडेच्या बर्फात घातली होती.

खाली मनालीत माझी गाडी सकाळी सुटेना. हॅण्डब्रेक. सासऱ्यांनी सवयीने ओढून ठेवला होता, मॉन्ट्रियलच्या ताई.

---

वसंतविहार_ते_मॉन्ट्रियल | १५ जानेवारी, सकाळी ५:४०

😂 गरम पाणी ओतलं नाहीत ना? ते परत गोठतं.

---

मानपाडावासी | १५ जानेवारी, सकाळी ८:१०

ओतलं.

---

कोपरीपूल | १५ जानेवारी, सकाळी ८:४५

साखळ्या विकणार का? मेव्हण्याला फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय. टायर १८५/६५ आर १५ आहे. बसत असतील तर रविवारी मानपाड्याला येऊन घेऊन जातो. लावायची कशी ते तेवढं दाखवा, उलटी बाजू कोणती ते विशेषतः.